एका जागेसाठी प्रार्थना

मे महिना आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत मरियामातेचा म्हणून ओळखला जातो. मालवणच्या किनाऱ्यावर तो आंब्या-काजूंचा, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचा आणि लग्नांचाही महिना असतो. अलीकडच्या वर्षांत त्याला आणखी एक ओळख मिळाली आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी 'नीट' ही परीक्षा बहुधा याच महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. त्या दिवशी परीक्षेला बसणारे मूल पहाटेच्या मिस्सेला जाते, घरच्यांबरोबर दूरच्या परीक्षाकेंद्रावर पोचते आणि धातूची वस्तू आत नेता येत नाही म्हणून गळ्यातील क्रुसाची साखळी काढून आईच्या हातात देते. पुढे परीक्षा संपेपर्यंत ती आई फाटकाबाहेर मूठ मिटून उभी असते. मुठीत क्रूस आणि ओठांवर प्रार्थना. त्या प्रार्थनेविषयी मला येथे काही लिहायचे आहे, कारण तिने माझ्यापुढे एक प्रश्न उभा केला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

माझी भाची आणि तिची मैत्रीण या एकाच वाडीतल्या, एकाच वर्गातल्या. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारतानाही दोघी एकाच रांगेत उभ्या होत्या. 5 मे 2024 रोजी त्या परीक्षेला बसणार होत्या. आमच्या घरी नोव्हेना सुरू झाली होती. परीक्षेच्या रविवारी मुलीच्या यशासाठी मिस्सेचा हेतू लावावा असे बहिणीने ठरवले आणि फादरांकडे निरोप नेण्याचे काम माझ्यावर आले. मी निघालो तेव्हा भाची पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "मामा, माझ्या एकटीचंच नाव कशाला? ती पण बसतेय ना? दोघींसाठी एकच जागा उरली असेल, तर देवाने कुणाचं ऐकायचं?"

मी हसलो, विषय बदलला आणि हेतू लावून आलो. नाव एकटीचेच दिले.

प्रश्न मात्र तिथेच राहिला. आजारी माणसाच्या आरोग्यासाठी आपण प्रार्थना करतो, तेव्हा शेजाऱ्याचे आरोग्य कमी व्हावे असे आपण मागत नाही. एकाच्या शेतावर पाऊस पडला तर तो सहसा दुसऱ्याच्याही शेतावर पडतो. परंतु जिथे जागा मोजक्या आहेत आणि मागणारे अगणित, तिथे 'माझ्या मुलाला यश दे' या मागणीच्या पाठीशी, आपण उच्चारत नसलो तरी, 'दुसऱ्या कुणाला तरी मागे ठेव' अशीही एक मागणी उभी असते. सर्वांचा पिता असलेल्या परमेश्वरापुढे अशी मागणी ठेवावी काय?

प्रथम या परीक्षेचे स्वरूप पाहू. 2024 साली देशभरातून तेवीस लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली. एम.बी.बी.एस.च्या सर्व जागा मिळून त्या वेळी एक लाखाहून थोड्या अधिक होत्या. म्हणजे वीस-एकवीस मुलांमागे एक जागा; आणि सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या सरकारी जागा त्यांच्या निम्म्याच्या आसपास. 180 उत्तरे, 720 गुण. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलेल्याला एक गुण वजा. एका प्रश्नाच्या फरकाने मूल गुणवत्तायादीत हजारो क्रमांकांनी खाली जाऊ शकते.

या स्पर्धेने आपल्या मुलांचे शिक्षण कसे बदलले तेही पाहण्यासारखे आहे. 2012 साली कोकणासाठी स्वतंत्र विभागीय परीक्षा मंडळ आले, तेव्हापासून बारावीच्या निकालात कोकणाने राज्यात पहिला क्रमांक राखला आहे. 2025 साली कोकण विभागाचा निकाल 96.74 टक्के होता आणि सर्वांत कमी, 89.46 टक्के, लातूर विभागाचा. तरीही डॉक्टर व्हायचे म्हटले की मुले कोकणातून लातूरला शिकायला जातात, कारण तिथे गेल्या काही दशकांत या परीक्षेच्या तयारीची एक पद्धतच उभी राहिली आहे. सोळा-सतरा वर्षांचे मूल घरचे जेवण, समुद्र आणि चर्चची घंटा सोडून एका खोलीत दोन वर्षे काढते. त्यासाठी कुणी आखातातील नोकरीची मुदत वाढवून घेतो, तर कुणी कलमांची बाग गहाण टाकतो. एवढे सारे पणाला लावल्यावर मुलाला 'तू अपयशी झालास तरी चालेल' असे आपण तोंडाने म्हणतो, पण त्याला ते खरे वाटत नाही. राजस्थानातील कोटा शहरात 2023 साली वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले, तेव्हा तेथील प्रशासनाने वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंगा बसवण्याचा आदेश काढला. जीव वाचवण्यासाठी पंख्याची व्यवस्था करावी लागते, याचा अर्थ त्या मुलांच्या मनापर्यंत कुणी पोचू शकले नव्हते.

एवढ्यावरून परीक्षेलाच दोष देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. देणगी मोजून वैद्यकीय जागा विकत घेतल्या जात होत्या ते दिवस आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. महाराष्ट्राला कॅपिटेशन फी बंद करण्यासाठी 1987 साली कायदा करावा लागला होता. ज्याच्या बापाकडे पैसा नाही त्या मुलाला प्रश्नपत्रिका तरी ओळख विचारत नाही, हे या परीक्षेचे नैतिक बळ आहे. म्हणूनच ती फुटते तेव्हा केवळ नियम मोडत नाही. 2024 च्या परीक्षेची प्रश्नपत्रिका हजारीबाग आणि पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र गैरप्रकार देशव्यापी होता असे सिद्ध होत नाही म्हणून 23 जुलै रोजी फेरपरीक्षेची मागणी नाकारली. ज्यांनी उत्तरे विकत घेतली त्यांनी दोघांची चोरी केली. एक, जो प्रामाणिकपणे रात्री जागला त्या मुलाची. दुसरा, जो पुढे कधीतरी त्यांच्या हाती नाडी देणार होता त्या रुग्णाची.

या रुग्णाचा विचार तयारीच्या दोन वर्षांत आपल्या घरांत फारसा होत नाही, आणि मला वाटते आपल्या प्रश्नाच्या उत्तराची वाट तिथूनच सुरू होते.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण घ्या. जालना जिल्ह्यातील गरीब शेतकरी कुटुंबातून आलेला हा तरुण डॉक्टर 1976 च्या सुमारास महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने त्या काळी माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. दंश गंभीर असेल तर शंभरातील चाळीसांच्या जवळपास रुग्ण जात. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विषाने शरीरातील मज्जातंतूंचा एक भाग अतोनात चेतवला जातो आणि त्या आघाताने हृदय थकते, हे त्यांनी ओळखले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून पाहिले. पुढे मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनावर आले. 1982 पासून त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगविख्यात नियतकालिकात येऊ लागली आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावलेल्या मुलाच्या आईने त्यांना किती गुण मिळाले होते हे विचारले नसेल. परंतु चेतासंस्थेचा धडा त्यांनी केवळ परीक्षेपुरता वाचला असता, तर ते मूल वाचले नसते.

म्हणजे अभ्यास हे ऋण आहे. आज अकरावीच्या वर्गात कंटाळून उलटलेले पान उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या देहात शोधावे लागणार आहे. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. गंभीर आजार म्हटला की सिंधुदुर्गातील माणूस आधी 'बांबोळी' म्हणतो. 1 जानेवारी 2018 पासून गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा आपण किती परावलंबी आहोत हे एका रात्रीत कळले. 2021-22 पासून सिंधुदुर्गनगरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील जागा गुणवत्तेनुसार साऱ्या राज्यातील आणि काही अंशी साऱ्या देशातील मुलांना मिळतात. 'आपले महाविद्यालय' म्हणून आपल्या मुलांना त्या राखून ठेवलेल्या नाहीत. तरी ते महाविद्यालय आपलेच आहे, कारण तिथले रुग्ण आपले आहेत. कुठल्याही गावचे मूल तिथे शिकून चांगला डॉक्टर झाले, तर आपल्या वाडीतील म्हातारीला ते हवेच आहे.

असे पाहू लागलो की प्रार्थनेचा रोख बदलतो. जागा कुणाला मिळावी यापेक्षा त्या जागेवर बसणारा योग्य असावा, हे मागणे सर्वांच्या हिताचे ठरते. आणि इथेच परीक्षेची मर्यादाही दिसते. तिला स्मरणशक्ती मोजता येते, वेग मोजता येतो, चिकाटीही काही प्रमाणात मोजता येते. रात्री दोन वाजता दारावर थाप पडली तर हा उठेल की नाही, ते तिला मोजता येत नाही.

ही उणीव आपल्या ख्रिस्ती संस्थांनी पूर्वीच ओळखली होती. वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय लेखी परीक्षेबरोबर उमेदवारांच्या मुलाखती घेऊन सेवेची वृत्ती पारखत असे. भारतीय कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेने 1963 साली बंगळूर येथे स्थापन केलेल्या सेंट जॉन्स महाविद्यालयाने, शिक्षणानंतर दोन वर्षे वैद्यकीय सोयी अपुऱ्या असलेल्या भागात सेवा करण्याची अट घातली. देशव्यापी परीक्षा आली तेव्हा वेल्लोरची संस्था न्यायालयात गेली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरवली, 2016 साली तो निकाल मागे घेतला आणि 29 एप्रिल 2020 रोजी अल्पसंख्याकांच्या संस्थांनाही ती बंधनकारक असल्याचे सांगितले. मधल्या काळात, 2017 साली, वेल्लोरने एम.बी.बी.एस.च्या 100 पैकी 99 जागा रिकाम्या ठेवल्या. न्यायालयाचा मुद्दाही दुर्लक्षण्यासारखा नव्हता: निवडीचा अधिकार संस्थांच्या हाती मोकळा सोडला तर त्याचा बाजार होतो, हे देशाने पाहिले आहे. मला वाटते दोन्ही बाजूंचे काहीतरी खरे होते. न्यायासाठी एकच माप हवे, आणि त्या मापात सेवावृत्ती बसत नाही. मग जे परीक्षेला मोजता येत नाही ते घडवण्याची जबाबदारी कुणाची? ती घराची आणि धर्मग्रामाची आहे. आपण ती शिकवणी-वर्गांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात एक आई प्रभू येशूकडे येते. तिचे घर मासेमारी करणाऱ्यांचे, आपल्या किनाऱ्यावरच्या घरांसारखे. याकोब आणि योहान या आपल्या दोन मुलांना प्रभूच्या राज्यात एक उजवीकडे आणि एक डावीकडे, अशा दोन जागा मिळाव्यात एवढेच तिचे मागणे आहे. जागांसाठी मुलांना घेऊन रांगेत उभी असलेली ती आई मला आता फार ओळखीची वाटते. प्रभू तिच्यावर रागावत नाही. तुम्ही काय मागत आहात ते तुम्हांला कळत नाही, असे तो म्हणतो, आणि मुलांकडे वळून विचारतो: मी जो प्याला पिणार आहे तो तुम्हांला पिता येईल काय? मागणी जागेची होती. त्याने विचारले प्याल्याविषयी. बाकीचे दहा शिष्य मात्र संतापले, आणि ते स्वाभाविकच होते, कारण त्या दोन जागांवर त्यांचाही डोळा असावा. तेव्हा प्रभूने सर्वांना जवळ बोलावून सांगितले की ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक झाले पाहिजे.

ती आई पुढे पुन्हा एकदा दिसते. कालवरीवर दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत तिचाही उल्लेख मत्तय करतो. तिने मागितलेल्या उजव्या-डाव्या जागा त्या दिवशी भरलेल्या होत्या. तिथे दोन चोर क्रुसावर टांगलेले होते. आपण काय मागितले होते ते त्या क्षणी तिला उमगले असेल. तिचा थोरला मुलगा याकोब याने तो प्याला खरोखरच घेतला. हेरोदाने त्याला तलवारीने मारले.

या प्रसंगातून मी असा अर्थ घेतो: आईने मुलांसाठी मागावे, जरूर मागावे. देवाला आपल्या मनातील खरी इच्छा न सांगता शिष्टाचाराची प्रार्थना करण्यात काही पुण्य नाही. परंतु मागून झाल्यावर त्याचा उलट प्रश्नही ऐकून घ्यावा. मुलाला जागा हवी, मान्य. त्या जागेवरचा प्याला हवा आहे काय? की जागा हवी ती घराच्या प्रतिष्ठेसाठी, लग्नाच्या बाजारातील किमतीसाठी, नातलगांपुढे मान वर करून चालण्यासाठी? तसे असेल तर आपण देवापुढे मेणबत्ती लावली खरी, पण पूजा दुसऱ्याच कुणाची तरी केली.

राहिला प्रश्न मागे राहिलेल्यांचा, वीसांतील एकोणिसांचा. त्यांच्याविषयी बोलायला पवित्र शास्त्रात एक जागा आहे, पण तिच्यावर प्रवचन क्वचितच होते. यहूदाच्या जाण्याने प्रेषितांत एक जागा रिकामी झाली. दोन उमेदवार पुढे आले: मत्थिया, आणि युस्त म्हटला जाणारा योसेफ बर्सब्बा. दोघेही आरंभापासून प्रभूबरोबर वावरलेले. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी मत्थियाची निघाली. योसेफाचे पुढे काय झाले हे प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथ सांगत नाही. पण जागा मिळाली नाही म्हणून त्याचे शिष्यत्व काढून घेतले गेले, असेही तो कुठे म्हणत नाही. चिठ्ठीने पद ठरले. पाचारण चिठ्ठीच्या आधीच झाले होते. ज्या मुलीला रुग्णसेवेची खरी ओढ आहे, तिला परिचर्या आहे, औषधनिर्माणशास्त्र आहे, प्रयोगशाळा आहे, फिजिओथेरपी आहे. आणि हे सारे सोडून ती शिक्षिका झाली तरी तिच्यातील ओढ वाया जाणार नाही. ही वाक्ये आपण अपयशी मुलांना सांत्वन म्हणून ऐकवतो. ती परीक्षेच्या दोन वर्षे आधी, सत्य म्हणून ऐकवायला हवीत. निकालानंतर सांगितलेली तीच गोष्ट मुलांना दयेसारखी टोचते.

आता मला माझ्या स्वतःच्या चुकीकडे वळले पाहिजे. त्या वर्षी भाचीला सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. तिच्या मैत्रिणीला थोड्या गुणांनी मिळाली नाही. आम्ही उपकारस्तुतीची मिस्सा केली. वेदीवरून भाचीचे नाव घेतले गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाहेर केक कापला. मैत्रिणीची आई दोन बाके मागे बसली होती. शेवटचे गीत चालू असताना ती बाजूच्या दाराने निघून गेली. मी ते पाहिले. त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्या घरी गेलो नाही. काय बोलावे ते सुचत नव्हते. आमची घरे एका गडग्याने विभागलेली आहेत.

अखेर गेलो. मुलगी नळावर भांडी घासत होती. तिने नेहमीसारखे हसून आत बोलावले. आईने चहा टाकला. मी अडखळत म्हणालो की त्या दिवशी हेतू लावताना मी दोघींची नावे द्यायला हवी होती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मी इतक्याच मागलंय देवाकडे, चेडवाचा मन मोडूक नको. ता मोडला नाय. माका मिळाला." मग तिने माझ्यासमोर बशीतून चकल्या ठेवल्या.

ती रागावलेली नव्हती असे मी म्हणणार नाही. बाजूच्या दाराने जाताना तिला काय वाटले ते तिचे तिला ठाऊक. पण नोव्हेनेच्या नऊ दिवसांत आमच्या घराला जी प्रार्थना सुचली नाही ती तिला सुचली होती. तिच्या मागण्याने दुसऱ्या कुणाच्या मुलाचे काही कमी होत नव्हते, आणि निकाल कसाही लागला असता तरी ते मागणे पुरे होण्यासारखे होते.

माझी आपल्या धर्मग्रामांना एक साधी सूचना आहे. परीक्षेच्या रविवारी मिस्सेचा हेतू सर्व परीक्षार्थींसाठी एकत्र असावा. तीत पुढे त्यांच्या हाती येणाऱ्या रुग्णांचीही आठवण व्हावी. निकालानंतर उपकारस्तुती करायची तर तीही सर्वांची मिळून करावी. कारण दोन वर्षे ज्या मुलाने प्रामाणिकपणे कष्ट केले त्याने, जागा मिळो वा न मिळो, देवाला देण्यासारखे काहीतरी आणलेले असते. आणि ज्या घरी पेढे वाटले गेले नाहीत त्या घरी कुणीतरी पहिल्या आठवड्यातच जावे. बोलायला सुचले नाही तरी चालेल. चहा तेवढा घ्यावा.

भाची आता शरीररचनेचा अभ्यास करते आहे. मागच्या सुट्टीत ती आली तेव्हा दोघी मैत्रिणी संध्याकाळभर गडग्यावर बसून बोलत होत्या. कशाविषयी, ते मी विचारले नाही.